दुर्बिणीची बैठक

मोठी दुर्बीण घ्यावयाची असे ठरले, म्हणजे ठरविणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो आरशाचा. आरसा किती इंची? दुसरा प्रश्न, किती पट मोठे दिसेल? ह्या दोहोंची उत्तरे मनासारखी मिळाली, की पैसे मोजावयास हरकत नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. ही दुर्बीण उभी कशावर राहणार? श्रोतेहो, आजचे भाषण ह्या तिसऱ्या प्रश्नासंबंधी आहे. हौशी निरीक्षक जिला 'माउंट' म्हणतात तिला आपण बैठक म्हणू. गायकाची बैठक चांगली नसेल तर सूर लागत नाही. दुर्बिणीचेही तसेच आहे.

हा विषय सुरतेत काढण्यास एक विशेष कारण आहे. सुरत म्हटली की मराठी माणसाला १६६४ साल आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या तेरा वर्षे आधी, नव्या पंचांगाप्रमाणे ३ नोव्हेंबर १६५१ रोजी, ह्याच तापीकाठच्या बंदरात जेरेमी शेकर्ली नावाचा एक इंग्रज ज्योतिषी दुर्बीण घेऊन सूर्याकडे लक्ष लावून बसला होता. त्या दिवशी बुध सूर्यबिंबावरून जाणार होता. ज्याला आपण अधिक्रमण म्हणतो ते हेच. इंग्लंडात त्या वेळी रात्र असणार हे शेकर्लीने गणिताने जाणले होते. आशियातून मात्र ते दिसणार होते. वीस वर्षांपूर्वी, १६३१ साली, पॅरिसमध्ये गासेंदी नामक धर्मगुरूने बुधाचे असे अधिक्रमण प्रथम पाहिले होते. त्यानंतरचे हे सुरतेतले. भारतात दुर्बिणीने केलेल्या आकाशनिरीक्षणाची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. ज्या गावात ही परंपरा पावणेचारशे वर्षांची आहे, त्या गावातील शाळांच्या आणि मंडळांच्या दुर्बिणी कपाटात बंद पडून राहाव्यात हे मनाला बरे वाटत नाही. आणि त्या बंद पडतात त्या बहुधा आरशाच्या दोषामुळे नव्हे, तर बैठकीच्या दोषामुळे.

शेकर्लीला जो बुध दिसला त्याचे बिंब केवढे असेल? आपले जुने ज्योतिषी अंशाचे साठ भाग करून त्यांना कला म्हणत, आणि कलेचे साठ भाग करून त्यांना विकला म्हणत. सूर्याचे बिंब सुमारे ३२ कला म्हणजे एकोणीसशेहून अधिक विकला भरते. नोव्हेंबरातील अधिक्रमणाच्या वेळी बुधाचे बिंब असते अवघे १० विकला. आता एक मीटर लांबीची काठी घ्या, तिचे एक टोक पक्के धरा आणि दुसरे टोक माणसाच्या केसाच्या जाडीइतके, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सात शतांशाइतके, वर उचला. काठीची दिशा किती बदलली? सुमारे १४ विकला. म्हणजे बुधाच्या संपूर्ण बिंबाहून अधिक! दुर्बिणीची नळी ही अशीच एक काठी आहे. तिचे तोंड केसभर हलले, की बुध आपल्या जागेवरून एका बिंबाहून जास्त सरकला.

येथेच वर्धनशक्तीचा प्रश्न येतो. दुर्बीण वस्तूला दोनशे पट मोठे करीत असेल, तर थरथरीलाही ती दोनशे पटच मोठे करते. ती ह्या बाबतीत भेदभाव जाणत नाही. १४ विकलांची थरथर दोनशेने गुणली तर जवळजवळ ४७ कला होतात. साध्या डोळ्यांना पूर्ण चंद्र ३१ कलांचा दिसतो. तेव्हा नळीचे तोंड केसभर थरथरले, तर नेत्रिकेतून पाहणाऱ्याला गुरूचा गोळा चंद्राच्या दीडपट अंतर इकडून तिकडे उड्या मारताना दिसेल. त्यावरील पट्टे, शनीच्या कड्यांमधील फट, चंद्रावरच्या बारीक भेगा, ज्यांच्यासाठी मोठा आरसा घेतला, ते सर्व त्या थरथरीत पुसून जाते. दहा इंची आरसा शास्त्राने अर्ध्या विकलेइतके बारीक अंतर वेगळे करून दाखवू शकतो. आरशाने अर्धी विकला दाखवावी आणि बैठकीने चौदा विकला हलावे, हा व्यवहार म्हणजे चांदीच्या ताटात पत्रावळीवरचे जेवण.

कोणी म्हणेल, हात लावलाच नाही तर थरथर होईल कशाला? परंतु हात लावावाच लागतो. पृथ्वी फिरते, आणि तिच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला पश्चिमेकडे सरकते. गुरू पृथ्वीच्या जवळ असताना त्याचे बिंब सुमारे ४५ विकला असते. म्हणजे तो तीन सेकंदांत आपल्या स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. दोनशे पट वर्धनशक्तीला नेत्रिकेतून साधारणपणे पाव अंश आकाश दिसते, आणि ते ओलांडावयास ग्रहाला एक मिनिट पुरते. एक मिनिट! त्यात नळी ढकलावी लागणार, नेत्रिका पुढेमागे करावी लागणार, आणि समोर मुलांची रांग उभी असेल तर प्रत्येक मूल डोळा लावताना नळीला धरणारच. मुलांना कितीही सांगा, ती धरतात. मोठी माणसेही धरतात. प्रत्येक स्पर्शानंतर बैठक सहा-सात सेकंद थरथरत असेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला वीस सेकंद येत असतील, तर तिसरा हिस्सा थरथरीत गेला. एका शाळेत असा प्रसंग मी पाहिला आहे. नाव घेण्याचे कारण नाही. पालकांनी वर्गणी काढून आठ इंची सुंदर दुर्बीण आणली होती. आरसा निर्दोष होता. पहिल्या रात्री चाळीस मुलांनी शनी पाहिला, आणि बहुतेकांनी खाली उतरून सांगितले की काहीतरी पिवळे हलत होते. दुसऱ्या खेपेला पंधरा मुले आली. तिसरी खेप झाली नाही. दुर्बीण अजून तेथेच आहे, प्रयोगशाळेच्या कपाटावर, चादरीत गुंडाळलेली.

ती दुर्बीण ज्या तिवईवर होती ती विकणाऱ्याच्या हिशेबाप्रमाणे योग्यच होती. तिची भारक्षमता दहा किलो सांगितली होती, आणि नळीचे वजन नऊ किलो होते. मग चुकले कोठे? चुकले असे की वजन पेलणे ही एक गोष्ट आणि वजन स्थिर धरणे ही दुसरी. हमाल डोक्यावर मणाचे ओझे पेलतो. पण त्या ओझ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे ठेवून ते सांडू देऊ नको असे त्याला सांगून पाहा. बैठकीवर लिहिलेली क्षमता ही बहुधा पहिल्या प्रकारची असते. म्हणून जाणते निरीक्षक एक ढोबळ नियम पाळतात: नुसते डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर सांगितलेल्या क्षमतेच्या दोनतृतीयांशापर्यंत वजन चढवावे, आणि छायाचित्रे घ्यावयाची असतील तर निम्म्याच्या पुढे जाऊ नये. हे वजन मोजताना नळीबरोबर तिची कडी, शोधक दुर्बीण, नेत्रिका आणि कॅमेरा ही सारी धरावीत. समतोलासाठी लावलेली लोखंडी वजने बहुतेक कारखानदार ह्या हिशेबात धरीत नाहीत. ते एकदा विचारून घ्यावे.

परंतु नुसत्या किलोंनीही भागत नाही. नळीची लांबी हा त्याहून मोठा शत्रू आहे. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आठ इंची आरशाची नळी सुमारे १.२ मीटर लांब आणि नऊ-दहा किलो भरते. बारा इंची आरशाची नळी दीड मीटर लांब आणि वीस किलोंच्या वर जाते. आरसा दीडपट झाला, परंतु बैठकीवरील जडपणाचे ओझे तिपटीहून अधिक झाले. वारा ज्या पृष्ठभागावर आदळतो तोही जवळजवळ दुप्पट झाला. आठ इंचीला पुरलेली बैठक बारा इंचीलाही "थोडी कमी, पण चालेल" असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

पायांविषयीही असेच एक गणित आहे. एका टोकाला धरलेली दांडी दुसऱ्या टोकाला दाबली असता जितकी वाकते, ते वाकणे तिच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. लांबी दुप्पट केली तर वाकणे आठपट. तिवईचे पाय आत सरकणारे असतात ते सोयीसाठी. ते पूर्ण बाहेर ओढून दुर्बीण उंच करणे ही हौस फार महाग पडते. खुर्चीवर बसून पाहावे, पाय आखूड ठेवावेत. उलटपक्षी जाडी वाढविली की फायदाही झपाट्याने होतो. भरीव दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून पोकळ, पातळ पत्र्याच्या चकचकीत पायांपेक्षा जाड पोलादी नळ्यांचे पाय बरे. चांगल्या सुक्या लाकडाचे पायही त्याहून कमी नाहीत, कारण लाकूड कंप लवकर गिळून टाकते. तिवईखाली पाण्याचा डबा किंवा वाळूची पिशवी टांगण्याची युक्ती अनेकजण सांगतात. तिने दुर्बीण वाऱ्याने कलंडणार नाही, पाय जमिनीत नीट रुततील. पण मूळचे लेचेपेचे पाय त्यामुळे ताठ होत नाहीत.

आता बैठकीचे प्रकार पाहू. मुख्य दोन आहेत. पहिल्या प्रकारात दुर्बीण तोफेसारखी हलते: वर-खाली आणि डावी-उजवीकडे. वरच्या कोनाला उन्नतांश आणि आडव्या कोनाला दिगंश म्हणतात, म्हणून ही उन्नतांश-दिगंश बैठक. रचना साधी, वजन सरळ जमिनीकडे जाते, त्यामुळे ताठपणा कमी खर्चात मिळतो. दोष असा की आकाश तिरपे फिरते, आणि त्याच्यामागे जाण्यासाठी दोन्ही दिशांना सतत हलवावे लागते. दुसऱ्या प्रकारात एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला असतो. मग त्या एकाच अक्षाभोवती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा ह्या संथ गतीने दुर्बीण फिरविली की तारा नेत्रिकेत जागचा हलत नाही. ही विषुववृत्तीय बैठक. सतराव्या शतकाच्या आरंभी सूर्यावरील डागांचे निरीक्षण करताना शाइनर ह्या जेझुइट पंडिताने ह्या तत्त्वाची बैठक वापरली होती. आपल्याकडे ज्यांनी जयपूरचे सम्राट यंत्र पाहिले असेल त्यांना हे तत्त्व दगडचुन्यात दिसले आहे. त्या यंत्राची ती प्रचंड तिरकस भिंत ध्रुवाकडेच रोखलेली आहे, आणि तिचा कोन जयपूरच्या अक्षांशाएवढा, २७ अंश आहे.

मोठ्या आरशाला मोठी बैठक करताना शास्त्रज्ञांनाही कसे झगडावे लागले आहे ह्याचे उदाहरण आयर्लंडातील लॉर्ड रॉस ह्यांचे आहे. १८४५ साली त्यांनी ७२ इंची आरशाची दुर्बीण उभारली. एवढे धूड सर्व दिशांना फिरविणारी बैठक करणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ती दोन उंच दगडी भिंतींच्या मध्ये टांगली. ती वर-खाली हवी तशी होई, परंतु आजूबाजूस थोडीच. तारा भिंतींच्या मधल्या पट्ट्यात येईपर्यंत वाट पाहावयाची आणि तो निघून गेला की थांबावयाचे. तरीही त्याच दुर्बिणीतून त्यांना एका तेजोमेघाची भोवऱ्यासारखी रचना प्रथम दिसली. माझ्या मते हा निर्णय फार शहाणपणाचा होता. हालचाल त्यांनी सोडली, पण स्थैर्य सोडले नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पुण्याचे. तेथील सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला ह्यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. १८८८ मध्ये ती सुरू झाली आणि महाराजांचेच नाव तिला मिळाले. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची २० इंची दुर्बीण ही तिची शान. त्या काळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. देणगी गुजरातची, वेधशाळा पुण्याची आणि प्राध्यापक पारशी, असा हा योग होता. १९१२ मध्ये नेगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद होऊन तिची यंत्रे कोडाईकॅनालला गेली. दुर्बीण मात्र मेली नाही. भावनगर दुर्बीण ह्या नावाने पुढेही ती अनेक वर्षे वापरात होती. जी वस्तू पायापासून भक्कम केलेली असते ती जागा बदलूनही टिकते.

हौशी माणसाच्या खिशाला परवडेल अशी मोठी बैठक मात्र एका संन्याशाने दिली. जॉन डॉब्सन हे १९१५ साली पेकिंगमध्ये जन्मले, आणि १९४४ पासून सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात साधक म्हणून राहिले. मठात पैसे नव्हते. त्यांनी जहाजाच्या खिडकीची जाड काच मिळवून ती घासून बारा इंची आरसा केला, पुठ्ठ्याची जाड नळी घेतली, आणि ती प्लायवुडच्या पेटीत टेकवली. पेटी एका फळीवर फिरते. नळीच्या दोन बाजूंना दोन मोठ्या चकत्या असतात, त्या पेटीच्या खोबणीत बसतात. झाली बैठक! १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला, आणि पुढे त्यांनी रस्त्याच्या कडेला दुर्बीण ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखविण्याचे व्रत घेतले. २०१४ मध्ये ते वारले. आज जगभर हौशी लोकांच्या मोठ्या दुर्बिणींपैकी असंख्य दुर्बिणी डॉब्सनच्या पेटीत बसलेल्या आहेत.

ह्या पेटीचे मर्म तिच्या सांध्यात आहे. जेथे पेटी फळीवर फिरते तेथे टेफ्लॉनचे तीन तुकडे असतात आणि त्यांच्यावर सनमायकाचा पत्रा घसरतो. बहुतेक पदार्थ जागचे हलावयास जास्त जोर मागतात आणि हलू लागले की एकदम सुटतात. म्हणून धक्के बसतात. टेफ्लॉनमध्ये हा फरक फार थोडा असतो. बोटाने ढकलले की नळी लोण्यासारखी सरकते, बोट काढले की तेथेच थांबते. हे तीन तुकडे फळीच्या मध्याशी न ठेवता कडेला, खालच्या तीन पायांच्या बरोबर वर ठेवावेत, म्हणजे वजन फळीला न वाकविता सरळ पायांत उतरते. सुरतेत कुशल सुतारांची वाण नाही. अठरा मिलिमीटर जाडीचे चांगले मरीन प्लाय घ्यावे, कडांना रंग किंवा वॉर्निश नीट द्यावे. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात इथल्या दमट हवेने थर फुगतील, आणि उरलेले काम वाळवी करील.

मग सर्वांनी डॉब्सनचीच बैठक का घेऊ नये? नुसते पाहावयाचे असेल, आठ इंचांहून मोठा आरसा असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर माझा सल्ला निःसंकोचपणे तोच आहे. परंतु दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. दीर्घ वेळ उघडझाप ठेवून छायाचित्र घ्यावयाचे असेल तर ही बैठक निरुपयोगी. मोटरी लावून ती ताऱ्यामागे फिरविली तरी नेत्रिकेतले दृश्य स्वतःभोवती वळत राहते. दुसरी अडचण थेट डोक्यावरच्या आकाशाची आहे. तेथे नळी उभी सरळ असते, आणि ती बाजूला ढकलावी कशी हेच कळत नाही. सारी पेटी गरकन फिरवावी लागते. सुरतेचा अक्षांश २१ अंश १० कला आहे. त्यामुळे कृत्तिका येथे माथ्यापासून तीन अंशांवरून जातात, आणि पुष्य नक्षत्रातला तो सुंदर तारकागुच्छ तर दीड अंशावरून. हिवाळ्यातल्या रात्री पाहुण्यांना जे दाखवावेसे वाटते तेच नेमके ह्या अडचणीच्या जागी येते. उपाय एकच: ते माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर दाखवावे.

विषुववृत्तीय बैठक घेणाऱ्यांना सुरतेचा हाच अक्षांश दुसऱ्या रीतीने त्रास देतो, आणि ही गोष्ट परदेशी पुस्तकांत सहसा लिहिलेली नसते. कारण ती पुस्तके पन्नास अंशांवर राहणाऱ्या लोकांनी लिहिलेली आहेत. लंडनमध्ये ध्रुवाक्ष दहा फूट पुढे जाताना साडेबारा फूट चढतो. सुरतेत दहा फुटांना जेमतेम चार फूट. म्हणजे येथे तो जवळजवळ आडवा पडलेला असतो. नळी आणि समतोलाची वजने ह्यांचा सारा भार मग खांबाच्या वर न राहता उत्तरेकडे पुढे झुकतो. लंडनच्या मानाने दीडपट पुढे. हा भार ज्या एका स्क्रूवर येतो तो स्क्रू बारीक असेल तर तो वाकतो, त्याचे आटे झिजतात, आणि बैठक दरवेळी थोडी खाली बसते. शिवाय समतोलाच्या वजनाची दांडी येथे खाली येताना जवळजवळ उभी होते आणि तिवईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटते. म्हणून तिवई अशी वळवून ठेवता येते का पाहावे की उत्तरेला पाय न येता दोन पायांमधली मोकळी जागा येईल. नाहीतर बैठक आणि तिवई ह्यांच्यामध्ये उंची वाढविणारा नळीचा एक तुकडा घालावा. खरेदीपूर्वी बैठकीची अंशपट्टी पाहावी. काही बैठका वीस-पंचवीस अंशांच्या खाली येतच नाहीत. एकवीस अंश पट्टीच्या अगदी टोकाला असून चालत नाही. त्याच्या खालीही थोडी जागा हवी.

ध्रुवतारा येथे क्षितिजापासून फक्त एकवीस अंशांवर असतो. शहराच्या धुरकटीत तो पुष्कळदा मळकट दिसतो, आणि उत्तरेला एखादी उंच इमारत असेल तर दिसतही नाही. गच्चीची निवड करताना उत्तर दिशा मोकळी आहे की नाही हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बैठक कितीही भक्कम असली तरी तिच्याखालची जमीन हलत असेल तर व्यर्थ. सुरत हे यंत्रमागांचे शहर आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत, जेथे आपली खानदेशी मंडळी मोठ्या संख्येने राहतात, तेथे माग रात्रीही चालतात आणि त्यांचा ठोका भिंतींतून वर चढतो. कानाला सवय होते म्हणून तो जाणवत नाही, आरशाला जाणवतो. ह्याची परीक्षा फुकट करता येते. वारा नसलेल्या रात्री गच्चीवर पसरट थाळीत पाणी ठेवावे आणि दूरच्या दिव्याचे प्रतिबिंब त्यात पाहावे. ते स्थिर असेल तर जागा चांगली. ते बारीक बारीक लहरत असेल तर गच्चीची दुसरी बाजू पाहावी. स्लॅबच्या मध्यभागी कंप जास्त असतो, खालच्या खांबाच्या किंवा तुळईच्या बरोबर वर कमी. कायमचा खांब बांधावयाचा झाल्यास तो अशाच जागी उभारावा. जमिनीवर बांधावयाचा असेल तर निदान फूटभर व्यासाचा सळईचा काँक्रीट खांब, खोल पायावर घ्यावा. आणि भोवतीची फरशी त्याला चिकटू देऊ नये, बोटभर फट ठेवावी, म्हणजे माणसांच्या चालण्याचा धक्का खांबाला पोचणार नाही. गवंड्याला ही फट पटत नाही. तो ती प्रेमाने बुजवून टाकतो. जवळ उभे राहावे.

दुकानात किंवा प्रदर्शनात बैठक पाहावयास गेलात तर आपल्या नळीच्या वजनाची नळी तिच्यावर चढवूनच पाहा. रिकामी बैठक सर्वांचीच भक्कम असते. दूरच्या एखाद्या टोकदार वस्तूवर, मनोऱ्यावर किंवा विजेच्या खांबावर दुर्बीण रोखा, दीडशे-दोनशे पट वर्धनशक्ती लावा, आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारून सेकंद मोजा. दृश्य एक-दोन सेकंदांत स्थिर झाले तर बैठक उत्तम. तीन-चारपर्यंत चालवून घेता येते. पाचाच्या पुढे गेले तर कितीही सूट मिळाली तरी घेऊ नका. त्यानंतर अक्षाच्या कळा घट्ट करून नळीचे टोक हळूच दोन्हीकडे हलवून पाहा. दात्यांमधली ढिलाई हाताला लगेच कळते. थोडी ढिलाई स्क्रूने दुरुस्त होते, पण विकणाऱ्याने ती तुमच्यासमोर दुरुस्त करून दाखवावी. संगणकाने तारे शोधून देणाऱ्या बैठकांचा आजकाल मोठा बोलबाला आहे. सोय चांगली आहे, मी तिला नावे ठेवीत नाही. परंतु पैसे ठरावीक असतील तेव्हा ही सोय बहुधा पोलादाच्या जाडीतून कापून घेतलेली असते.

आणि पैसे ठरावीकच असतात. शाळेची किंवा मंडळाची दुर्बीण म्हटली की त्यात कामगाराच्या पगारातली वर्गणी असते, कोणाच्या मुलाच्या वाढदिवसाची देणगी असते. ह्या पैशांतून बारा इंची आरसा आणि त्याला कशीबशी पेलणारी तिवई घ्यावी, की आठ इंची आरसा आणि दगडासारखी बैठक? समितीच्या सभेत बारा हा आकडा नेहमी जिंकतो, कारण तो पत्रकावर छापता येतो. बैठकीचा ताठपणा छापता येत नाही. तरीसुद्धा सभासदांनी धीर धरून आठाच्या बाजूने मत द्यावे असे मी आग्रहाने म्हणेन. विषुववृत्तीय बैठक घ्यावयाची असेल तर एकूण रकमेचा निम्मा भाग तिच्यासाठी बाजूला काढून मगच आरशाचा विचार करावा. आरसा पुढे बदलता येतो, आणि भक्कम बैठक त्या पुढच्या आरशालाही उपयोगी पडते. बारा इंचांचाच हट्ट असेल तर डॉब्सनची पेटी आहेच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी लोकांसाठी काम करीत आहे. अशा संस्थांच्या निरीक्षणाच्या रात्री जाऊन निरनिराळ्या बैठकांना स्वतः टिचकी मारून पाहावी. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ते केव्हाही बरे.

सुरतेत निरीक्षणाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आकाश त्या महिन्यांत निवळलेले असते आणि वारा बेताचा असतो. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा वारा संध्याकाळी जोर धरतो. त्या दिवसांत लांब नळीला गच्चीच्या कठड्याचा आडोसा द्यावा. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र गच्चीवर दुर्बीण नेऊच नये. सारे शहर पतंगासाठी गच्च्यांवर असते, आणि त्या गर्दीत ध्रुवाक्षाची पर्वा कोण करणार?

बुधाचे पुढचे अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे आणि ते सुरतेतून आरंभापासून शेवटपर्यंत दिसेल. दुपारी बाराच्या सुमारास बुध सूर्यबिंबावर प्रवेश करील आणि साडेचारनंतर बाहेर पडेल. सूर्य त्या वेळात दक्षिणेच्या पन्नास अंश उंचीवरून नैर्ऋत्येला सोळा-सतरा अंशांपर्यंत उतरेल. ती बाजू मोकळी असलेली गच्ची आतापासून हेरून ठेवावी. दुर्बिणीच्या तोंडावर, नेत्रिकेवर नव्हे, सूर्यासाठी बनविलेला खात्रीचा गाळणीपडदा घट्ट बसविल्याशिवाय सूर्याकडे क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जातो. साडेचार तास दुर्बीण सूर्यामागे फिरती ठेवावयाची आणि दहा विकलांचा तो काळा ठिपका शेकडो मुलांना दाखवावयाचा, तर विषुववृत्तीय बैठक आणि काँक्रीटचा खांब हवा. खांब निदान एक पावसाळा आधी बांधावा, म्हणजे तो कोठे खचतो का ते कळेल. त्या दिवशी शनिवार आहे, दिवाळी नुकतीच झालेली असेल, आणि पतंगांना अजून दोन महिने अवकाश असेल.